लहान घोड्याचे पालकत्व

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या पशुवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांची सारी हयात गोठ्यांत, तबेल्यांत आणि गुरांच्या बाजारांत गेली. आणि जनावर घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला किमतीविषयी मत देण्यापूर्वी ते जनावर बांधणार कोठे, त्याला वैरण कोठून येणार आणि घरात आजारपण आले तर त्याच्याकडे पाहणार कोण, या गोष्टींची शहानिशा ते आधी करीत, असे त्यांच्या सहवासात वाढलेल्यांकडून मी ऐकले आहे. आज मी मांडणार आहे तो विषय वरवर पाहता आपल्या भूमीपासून फार दूरचा आहे. अमेरिकेत ज्याला मिनिएचर हॉर्स म्हणतात तो जेमतेम माणसाच्या कमरेपर्यंत येणारा, वजनाने शंभर किलोच्या आसपास भरणारा घोडा पदरी बाळगावयाचा झाल्यास तो पैदासकाराकडून विकत घ्यावा, की उपासमारीतून आणि हेळसांडीतून सोडविलेल्या घोड्यांचा सांभाळ करणाऱ्या एखाद्या आश्रयसंस्थेतून आणावा, हा तो प्रश्न होय. तिकडे स्थायिक होऊन गावाबाहेर थोडी जमीन बाळगून राहणारी मराठी कुटुंबेही तो आता मला पत्रांतून विचारू लागली आहेत, आणि ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत त्यांनी त्याचे उत्तर दिल्यावाचून पत्र बाजूस ठेवले नसते, अशी माझी खात्री आहे.

माझे मत मी आरंभीच सांगतो, म्हणजे पुढील विवेचनात ते हुडकण्याचे श्रम कोणास पडणार नाहीत. सोबतीसाठी घोडा हवा असलेल्या कुटुंबाने प्रथम आश्रयसंस्थेकडे जावे. पैदासकाराकडे जाण्यासही सबळ कारण असू शकते, परंतु ते कारण हौसेहून मोठे असले पाहिजे. या मताच्या मुळाशी भूतदया आहे हे मी नाकारीत नाही, पण केवळ तिच्यावर ते उभे नाही. या प्राण्याचा इतिहास, त्याची शरीरप्रकृती आणि त्याच्या देवघेवीचे कागद, या तिन्हींचा विचार करता करता ते बनले आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथील खारे वारे, तोकडे गवत आणि दीर्घ हिवाळा यांत शतकानुशतके तग धरून राहिलेली घोड्यांची जात अंगाने लहान, हाडापेराने मजबूत आणि थोड्या चाऱ्यावर गुजराण करणारी झाली. तो निसर्गाचा व्यवहार होता, त्यात कोणाची हौस नव्हती. पुढे १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणींत भूमीखाली कामास लावण्याची मनाई केली. कायदा सर्वथा न्याय्य होता. परंतु त्या मुलांनी ओढावयाच्या कोळशाच्या गाड्या जागच्या जागी राहिल्या, आणि ज्या बोगद्यांत पुरुषाला ताठ उभे राहता येत नसे तेथे शेटलंडची तट्टे उतरविण्यात आली. त्यांची मागणी इतकी वाढली की खाणींचे मोठे मालक असलेले लंडनडेरीचे मार्क्विस यांनी १८७० नंतरच्या काळात ब्रेसे आणि नॉस या बेटांवर स्वतःची पागा उभारली, आणि जमिनीला जितके जवळ व अंगाने जितके भरीव तितके उत्तम, या कसोटीवर नर-माद्या निवडून त्यांची वीण चालविली. कित्येक तट्टांचे ठाणही खाणीतच असे, आणि उजेड त्यांना क्वचितच दिसे. लहानपणासाठी हेतुपुरस्सर केलेल्या निवडीचा हा एक आरंभीचा अध्याय. त्या निवडीतले माप कोळशाच्या थराच्या जाडीवरून ठरले होते, घोड्याच्या सुखदुःखाचा त्यात कोणी हिशेब केला नव्हता, आणि पुढच्या सर्व कथेला या गोष्टीची छाया पडली आहे असे मला वाटते.

दुसरा प्रवाह अर्जेंटिनाचा. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान घोड्यांचा एक कळप जोपासला गेला, तो जावयाच्या वारशाने फालाबेला घराण्याकडे आला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्या घराण्याने जवळच्या नात्यातील वीण आणि काटेकोर निवड यांच्या बळावर आपल्या नावाची जातच सिद्ध केली. अमेरिकेत शेटलंड तट्टांची नोंद ठेवणारी संस्था १८८८ पासून होती. त्याहूनही लहान घोड्यांसाठी १९७८ साली अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन स्थापन झाली, आणि मानेवरील अयाळीचा शेवटचा केस जेथे येतो तेथून जमिनीपर्यंत ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर, ही उंचीची कमाल मर्यादा तिने घालून दिली. तट्टांच्या जुन्या संस्थेच्या नोंदवहीत ३८ इंचांपर्यंतचा एक दुसरा वर्गही मान्य आहे. घोड्याची जात एरवी तिच्या वंशावरून, चालीवरून आणि तिने केलेल्या कामावरून ओळखली जाते. येथे सनद देण्याचा मुख्य अधिकार उंचीच्या पट्टीकडे आला. वरची मर्यादा ठरली, खालची मात्र कोणी ठरविली नाही, आणि बाजारात जे दुर्मिळ त्याला किंमत अधिक, या न्यायाने उंची उतरत्या क्रमाने मोजण्याची चढाओढ सुरू झाली.

या चढाओढीचे मोल कोणी भरले, ते आता सांगितले पाहिजे. केंटकी विद्यापीठातील संशोधनाने असे दाखवून दिले आहे की या घोड्यांत आढळणाऱ्या खुजेपणाच्या विकृतीचे एक मूळ अ‍ॅग्रिकॅन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात आहे. सांध्यांतील कूर्चा आणि वाढत्या हाडांची टोके यांना या प्रथिनाची नितांत गरज असते. त्या जनुकातील चार निरनिराळे दोष सापडले असून, एक दोष बापाकडून आणि एक आईकडून आला म्हणजे शिंगरू विकृत जन्मते: कपाळ फुगलेले, खालचा जबडा पुढे आलेला, पाय आखूड व वाकडे, धड बेढब, आणि काही संयोगांत गर्भच टिकत नाही. ज्याच्या ठायी असा एकच दोष आहे तो घोडा दिसण्यात निरोगी, कदाचित प्रदर्शनात पदक मिळविणाराही असतो, आणि म्हणूनच पैदाशीच्या दृष्टीने तोच अधिक धोक्याचा. असे दोन वाहक एकत्र आणले तर दर शिंगरामागे विकृतीची शक्यता चारांत एक आणि वाहकत्वाची चारांत दोन. केसांच्या मुळांवरून ही तपासणी आज होऊ शकते, ती फार खर्चाची नाही, आणि तरीही ती न करता घोडी फळविली जात असेल तर त्याला अज्ञान हे नाव देणे मला कठीण वाटते.

मिसूरी राज्यात २००१ साली जन्मलेली थंबेलिना नावाची घोडी साडेसतरा इंच उंचीची होती, आणि २००६ साली जगातील सर्वांत लहान घोडा म्हणून तिची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. तिची छायाचित्रे साऱ्या जगाने कौतुकाने पाहिली. ती मुळातच खुजेपणाची विकृती घेऊन आली होती आणि तिच्या पायांना प्रसंगी आधाराची साधने बांधावी लागत, हे मात्र त्या कौतुकाबरोबर फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. तिला वाढविणाऱ्यांनी तिची निगा राखली, २०१८ पर्यंत ती जगली, आणि त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण एका व्याधीने दिलेली उंची विक्रम म्हणून छापली जाते, तेव्हा ते छायाचित्र पाहून असेच एक शिंगरू मागणाऱ्या हजारो घरांना आपण नेमके काय मागत आहोत हे कोणी सांगितले पाहिजे.

व्याधी बाजूस ठेवून निरोगी लघु अश्वाचा विचार केला तरी एक गोष्ट उरते. शरीर लहान केले म्हणून त्यातला घोडा लहान होत नाही. दातांची संख्या मोठ्या घोड्याइतकीच, जबडा मात्र आखूड. त्यामुळे दात एकमेकांवर चढतात, धारा वाढतात, गालाला जखमा होतात, आणि वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे लागते. घोडी व्यायची असेल तर शिंगराचे डोके तिच्या मानाने मोठे असल्यामुळे अडणूक होण्याचा संभव मोठ्या घोड्यांपेक्षा अधिक, आणि घोडीच्या बाबतीत पाणमोट फुटल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत शिंगरू बाहेर आले नाही तर दोघांच्याही जिवावर बेतते. पोटाचे गणित तर याहून अवघड आहे. शेटलंडच्या खडकाळ माळावर जगण्यासाठी घडलेले हे पचनतंत्र अमेरिकेतील हिरव्यागार, शर्करायुक्त कुरणात सोडले म्हणजे घोडा पाहता पाहता लठ्ठ होतो, रक्तातील इन्सुलिनचे तंत्र बिघडते आणि खुरांच्या आतील नाजूक पटलांचा दाह सुरू होतो. तो दाह विकोपास गेला की खुरातले हाड जागचे फिरते आणि जनावर उभे राहू शकत नाही. यावर उपाय म्हणून कोणी त्याला उपाशी ठेवील तर ती दुसरी आपत्ती, कारण लठ्ठ तट्टाने एक-दोन दिवस अन्न सोडले की शरीरातील चरबी एकदम रक्तात उतरते, यकृत निकामी होते, आणि गाभण किंवा दूध पाजणारी घोडी असेल तर बहुधा हातची जाते. म्हणून शंभर किलोच्या घोड्याला दिवसाकाठी दीड ते दोन किलो कोरडी वैरण, तोलून, थोडी थोडी, आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस द्यावी लागते. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. चांगल्या सांभाळात हा घोडा पंचवीस ते पस्तीस वर्षे जगतो. तीस वर्षांचा हिशेब केला तर नालबंदाला सुमारे दोनशे ते अडीचशे वेळा दाराशी बोलवावे लागेल.

नालबंदाचा उल्लेख आला म्हणून आपल्याच दप्तरातील दोन गोष्टी सांगण्याचा मोह होतो. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था लिहून ठेवली आहे. तीत पंचवीस बारगिरांच्या तुकडीमागे एक पखालजी आणि एक नालबंद यांची नेमणूक सांगितली आहे. पाणी आणि खूर यांची तजवीज घोड्याबरोबरच झाली पाहिजे, ती मागाहून सुचणारी बाब नव्हे, हे त्या नेमणुकीवरून स्पष्ट दिसते. दुसरी गोष्ट त्या पत्राची, जे महाराजांनी चिपळूणकडील लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून लिहिले. पावसाळा तोंडावर आहे. साठविलेला दाणा आणि गवत ऐन आरंभीच मन मानेल तसे उधळले तर पुढे काहीच उरणार नाही, घोडी उपाशी पडून मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, अशा आशयाची ती ताकीद आहे. इतकेच काय, पेटत्या दिव्याची वात उंदराने पळविली तर गवताच्या गंजीला आग लागेल, याचाही बंदोबस्त त्या पत्रात सांगितला आहे. राज्य सांभाळणाऱ्या पुरुषाला उंदराची आणि वातीची चिंता करावीशी वाटली, कारण दावणीला बांधलेले जनावर आपला चारा स्वतः शोधू शकत नाही, आणि ज्याने ते बांधले त्याच्या दूरदृष्टीच्या अभावाला ते बळी पडते. ‘ती तुम्हीच मारिली असे होईल’ या आशयाच्या त्या शब्दांत मला पशुपालनाचा सारा कायदा साठविलेला दिसतो.

आता पैदासकाराकडे वळू. त्याच्याविषयी सरसकट कठोर बोलणे हा अन्याय होईल. चांगला पैदासकार आपल्या प्रत्येक घोड्याची जनुकतपासणी करून ठेवतो आणि तिचे कागद न मागता दाखवितो. घोडी दरवर्षी न फळविता तिला विश्रांती देतो. शिंगरू आईपासून अकाली तोडत नाही. नर शिंगरे वेळेवर खच्ची करतो. आणि आपण विकलेला घोडा कोणत्याही वयात, कोणत्याही स्थितीत परत घेण्याची हमी लेखी देतो. अशा मनुष्याच्या हाती वंशाचे ज्ञान सुरक्षित असते, आणि ते ज्ञान नाहीसे झाले तर सर्वांचेच नुकसान आहे. परंतु लघु अश्वाचा दैवदुर्विलास असा की त्याची पैदास करण्यास फार थोडी जागा लागते. मोठ्या घोड्याचा पैदाशीचा नर सांभाळण्यास बळकट कुंपण, अनुभवी हात आणि भांडवल लागते. कमरेइतका नर कोणाच्याही परसात ठेवता येतो, माद्यांपासून निराळा न ठेवताही वर्षे निघतात, आणि तीन-चार वर्षांत दहांचा कळप तिसांवर जातो. अशा परसातल्या पैदाशीला वंशाचे ज्ञान नसते, तपासणी नसते, आणि भाव पडला की धीरही नसतो. तेथून जे शिंगरू स्वस्तात मिळते त्याची उरलेली किंमत पुढे पशुवैद्याच्या बिलांतून वसूल होते.

शिवाय खरेदीखताचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने घोडा ही मालमत्ता आहे. पैसे दिले, पावती घेतली, नोंदवहीतील नाव बदलले की विकणाऱ्याचा संबंध संपला आणि घेणाऱ्याची मालकी पूर्ण झाली; त्याने तो घोडा उद्या लिलावात उभा केला तरी बहुधा त्याला विचारणारा कोणी नाही. मुलासाठी घोडा घेतला जातो तेव्हा हे विशेष घडते. शंभर किलोच्या घोड्यावर वीस किलोपेक्षा अधिक भार घालणे बरे नव्हे, आणि मूल पाच-सहा वर्षांचे झाले की ते वजन ओलांडते. मूल वाढून मोठे होते, घोड्याचे वय अजून आठ असते, आणि पुढली वीस-पंचवीस वर्षे त्याचे काय करावयाचे याची तरतूद कोणत्याच कागदात नसते.

आश्रयसंस्थांत येणारे घोडे येतात ते बहुतेक याच वाटांनी: मालक वारला, घटस्फोट झाला, नोकरी गेली, मूल मोठे झाले, किंवा परसातला कळप अनावर होऊन शेजाऱ्यांनी फिर्याद केली आणि शेरीफने जप्ती आणली. २००७ साली अमेरिकेतील घोड्यांचे उरलेले तीन कत्तलखाने बंद पडले, आणि तेव्हापासून नको झालेले घोडे लिलावांतून व्यापाऱ्यांकडे आणि तेथून कॅनडा व मेक्सिकोकडे पूर्वीपेक्षा अधिक संख्येने जाऊ लागले. त्याच सुमारास आर्थिक मंदी आली. तेथील सरकारच्या हिशेबतपासणी खात्याने २०११ साली काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात, कत्तलखाने बंद झाल्यामुळे स्वस्त व मध्यम किमतीच्या घोड्यांचे भाव ८ ते २१ टक्क्यांनी उतरले असा अंदाज दिला आहे. भाव उतरणे याचा घोड्याच्या बाजूने अर्थ एवढाच की त्याला सोडून देणे मालकाला अधिक सोपे झाले.

जप्तीत आलेल्या घोड्याचे पुढे काय होते, ते तपशिलाने सांगतो, कारण आश्रयसंस्था म्हणजे केवळ दयाळू माणसांचा मेळावा अशी समजूत पुष्कळांची असते. टेक्सासमध्ये हेन्नेके या संशोधकांनी १९८३ साली घोड्याच्या अंगावरील मांस-चरबीची नऊ पायऱ्यांची मोजदाद सिद्ध केली. मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हातांनी चाचपून एक ते नऊ असा आकडा ठरविला जातो, आणि न्यायालयात उपासमारीचा पुरावा म्हणून तो मांडता येतो. घोड्याची लोकर दाट असली म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, त्या चाचपाव्याच लागतात. लघु अश्वाच्या बाबतीत तर हिवाळी केसांखाली मृत्युपंथाला लागलेले शरीर गुबगुबीत भासते. मग आहार. भुकेल्या घोड्यापुढे दाण्याची पाटी ठेवावी अशी कोणाही सहृदयाला प्रेरणा होईल, आणि ती त्याच्या प्राणावर उठू शकते, कारण दाण्यातील पिष्टामुळे इन्सुलिन उसळते, रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम एकाएकी पेशींत खेचले जातात आणि काही दिवसांतच हृदय बंद पडते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात यावर प्रयोग झाले, आणि लसूणघास थोडा थोडा करून दर काही तासांनी देत दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावा, ही पद्धत त्यांतून निघाली. दयेला शास्त्राची जोड नसेल तर ती जीव घेऊ शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. असा सावरलेला, लस टोचलेला, खूर छाटलेला, नर असल्यास खच्ची केलेला, आणि माणसाच्या हाताला पुन्हा सरावलेला घोडा संस्थेकडून मिळतो, तेव्हा मागितलेली रक्कम त्याच्यावर झालेल्या खर्चाच्या एका अंशाएवढीही क्वचितच असते.

आपल्याकडच्या पांजरपोळाची येथे आठवण होते. मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग यांनी रस्त्यावरील घोड्यांचे हाल पाहून प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी संस्था काढली ती १८६६ साली. पांजरपोळाचा आदर्श आजन्म सांभाळाचा आहे: जनावर आत आले की त्याचा शेवट तेथेच. अमेरिकेतील आश्रयसंस्थेची रीत याहून भिन्न. ती जनावराला पुढच्या घरासाठी तयार करते, कारण एक ठाण रिकामे झाल्याशिवाय दुसऱ्या घोड्याला जागा मिळत नाही. दोन्ही आदर्शांविषयी मला आदर आहे. पण दुसऱ्या रीतीत तुम्ही-आम्ही केवळ देणगीदार राहत नाही, घोडा घरी नेणाऱ्या प्रत्येक माणसाने संस्थेची जागा एका जिवासाठी मोकळी केलेली असते. त्या रीतीतला करारनामाही खरेदीखताहून निराळा. घोड्याची वीण करावयाची नाही. त्याला विकावयाचे किंवा लिलावात पाठवावयाचे नाही. सांभाळणे अशक्य झाले तर तो संस्थेकडेच परत आणावयाचा. एकटा ठेवावयाचा नाही. आणि संस्थेचा माणूस पाहणीस आला तर त्याला मज्जाव करावयाचा नाही, अशी कलमे त्यात सामान्यतः असतात. पुष्कळांना ही कलमे जाचक वाटतात. मला ती फार मोलाची वाटतात, कारण त्या कागदावर घोड्याच्या उरलेल्या आयुष्याचा विचार केलेला असतो, आणि खरेदीखतावर तो नसतो.

आश्रयसंस्थांची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही ठिकाणी दयेच्या नावाखाली शक्तीबाहेर घोडे गोळा केले जातात, आणि सोडविलेले जनावर पुन्हा उपाशी पडते. काही ठिकाणी कत्तलीच्या वाटेवरच्या व्यापाऱ्याच्या आवारात उभा असलेला घोडा दाखवून, अमुक वेळेपर्यंत पैसे न आल्यास तो गेलाच असे समजा, अशी हाक दिली जाते. लोक कळवळून बाजारभावाहून अधिक रक्कम देतात, घोडा सुटतो, आणि त्याच पैशांतून व्यापारी पुढच्या आठवड्यात आणखी घोडे उचलतो. अशा सोडवणुकीला मी आश्रय म्हणत नाही. ज्या संस्थेचे जमाखर्च उघडे आहेत, जिचा पशुवैद्य नेमलेला आहे, जी घोड्याच्या खोडी लपवीत नाही, आणि जी तुमच्या घरी येऊन कुंपण पाहिल्यावाचून घोडा देत नाही, तीच विश्वासास पात्र. सुटून आलेली घोडी गाभण असू शकते. तिचा दोषवाहक जनुकही कोणी तपासलेला नसतो. तिचे शिंगरू जगवावे, पण पुढे तिची किंवा त्याची वीण करू नये, एवढ्याने तो दोष त्यांच्यापाशीच थांबतो. म्हणजे अज्ञात वंश हा आश्रयातील घोड्याविरुद्धचा जो मुख्य आक्षेप, तो वीण करणाऱ्यालाच लागू पडतो, सोबती शोधणाऱ्याला नाही.

पैदासकाराकडे जाण्याचे सबळ कारण कोणते, ते सांगावयाचे राहिले आहे. अंध माणसाला वाट दाखविण्याचे काम कुत्र्याप्रमाणे हा घोडाही शिकतो, आणि त्याचे आयुष्य कुत्र्याहून दुप्पट-तिप्पट असल्यामुळे एकदा जुळलेली सोबत दीर्घकाळ टिकते. कुत्र्याची ज्यांना बाधा होते किंवा धर्मभावनेमुळे घरात कुत्रा नको असतो त्यांना हा मोठा आधार. अमेरिकेच्या न्यायखात्याने २०१० साली केलेल्या आणि २०११ च्या मार्चपासून अंमलात आलेल्या नियमांत अशा शिकविलेल्या लघु अश्वाला, जागा, वजन, स्वच्छतेची सवय व सुरक्षितता यांचा विचार करून, सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देण्याची वाजवी सोय करावी असे म्हटले आहे. ज्या घोड्यावर माणसाचा जीव सोपवावयाचा त्याचे सांधे, दृष्टी आणि स्वभाव शिंगरूपणापासून माहीत असणे आवश्यक. तेथे उत्तम पैदासकाराचे ज्ञान कामी येते आणि त्याचे मोल द्यावे. स्पर्धेत गाडी ओढण्यासाठी घोडा तयार करणाऱ्यालाही मी तेच सांगेन. पण परसात चरणारा, मुलांच्या हातून वैरण खाणारा, संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहणारा घोडा ज्याला हवा आहे त्याला वंशावळीचा काय उपयोग, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

ज्यांनी मला पत्रे लिहिली त्यांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो झुरतो, भिंती चघळतो, माणसांना चावू लागतो, आणि माणसाची दिवसातून दोन तासांची संगत ती उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून एका घोड्याची नव्हे, दोघांची जागा, दोघांची वैरण आणि दोघांचा नालबंद यांचा हिशेब आधी मांडा. आश्रयसंस्थांत वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोड्या असतात आणि संस्था त्या फोडीत नाहीत. त्यांची चौकशी प्रथम करा. त्यानंतर स्वतःच्या वयाचा हिशेब करा. पन्नाशीच्या गृहस्थाने सहा महिन्यांचे शिंगरू आणले तर तो ऐंशीचा होईल तेव्हा घोडा तिसाचा असेल, दात गेलेले असतील, चारा भिजवून भरवावा लागेल, आणि भरविणारा हातही थरथरत असेल. पंधरा वर्षांचा शांत, खच्ची केलेला घोडा आश्रयसंस्थेत सर्वांत मागे राहतो, कारण पाहण्यास येणारे शिंगराकडे आधी वळतात. त्या गृहस्थाला आणि त्या घोड्याला एकमेकांचे वय शोभण्यासारखे आहे. तो घरी आणलात तर त्याच आठवड्यात वकिलाकडे जा, आणि आपल्या पश्चात त्या घोड्यांचे पालन कोणी करावयाचे व त्यासाठी किती रक्कम बाजूस काढून ठेवली आहे, हे मृत्युपत्रात नमूद करा. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या सांभाळासाठी विश्वस्तनिधी ठेवण्याची कायदेशीर सोय आहे. तिचा लाभ घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत संस्थेच्या दप्तरात करारनाम्याशेजारी लावण्यास सांगा.